वाचकांचे प्रश्न : लोकज्ञान अभ्यासक्रमात आणताना

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना शिकवते. भारतीय ज्ञान प्रणालीचा अभ्यासक्रम तयार करण्याचे काम आमच्या समितीकडे आले आहे. परंतु चर्चा आयुर्वेद, वास्तुशास्त्र आणि प्राचीन गणित यांच्यापुढे जात नाही. कोल्हापुरी चपलेचे किंवा गुळाचे ज्ञान त्यात बसते का, आणि बसत असल्यास ते शिकवावे कसे?
— एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : बसते, आणि माझ्या मते कोल्हापुरात सुरुवात तेथूनच व्हायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकूण श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) किमान ५ टक्के श्रेयांक या विषयाचे असावेत आणि त्यांतील निदान निम्मे विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाशी निगडित असावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने कातडे कमावण्याची प्रक्रिया अभ्यासणे या चौकटीत सहज बसते. बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातील प्रथिनांशी बांधले जाते व कातडे कुजायचे थांबते, एवढे पाठ्यपुस्तक सांगेल. ते पुरते मुरले की नाही, हे मात्र ढोर समाजातील जाणत्या कारागिराच्या हाताला कळते. गुऱ्हाळावरही तेच आहे. रानभेंडीचा चिकट रस घालून काहिलीतील, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईतील, मळी वर आणणे आणि पाकाची गोळी पाण्यात पाहून काहील नेमकी कधी उतरवायची ते ठरवणे, हे गुळव्याचे ज्ञान अन्नतंत्रज्ञानाच्या कोणत्याही वर्गात मानाने बसू शकेल.

अडचण आहे ती जाणकाराची. ग्रंथांतील ज्ञानाला वाचक आणि भाष्यकार मिळत आले; कातडे कमावणाऱ्या आणि पायताण शिवणाऱ्या हातांना मात्र याच समाजाने दूर ठेवले. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेथे तरी चपलेचा पाठ जातीचा उल्लेख टाळून शिकवू नये. नाहीतर कौतुक वस्तूचे होईल आणि ती घडवणारा पुन्हा उंबऱ्याबाहेरच राहील. म्हणून कारागिराला पाहुणा म्हणून तासभर बोलावून शाल-श्रीफळ देण्यापेक्षा त्याला शिक्षक म्हणून नेमावे, तासांचे रीतसर मानधन द्यावे आणि विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनात त्याचे मत धरावे. स्थानिक कलाकार व कारागिरांना महाविद्यालयांशी जोडून घेण्यासाठी आयोगाची २०२३ चीच स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत, तेव्हा ‘पदवी नाही, मग नेमायचे कसे’ ही सबब आता चालणार नाही. तास शक्यतो कारखान्यात किंवा गुऱ्हाळावर व्हावेत. अर्ध्या दिवसाची क्षेत्रभेट आणि तिचा छायाचित्रांसह अहवाल, एवढ्याने हे ज्ञान हाती लागत नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातील विद्यापीठे ‘सांस्कृतिक सक्षमते’वर भर देतात, असे वाचले. आपल्याकडे तिची गरज आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सांस्कृतिक सक्षमता म्हणजे वेगळ्या समाजातील माणसांशी त्यांच्या रीतींचा आणि ज्ञानाचा मान राखून वागण्या-बोलण्याची क्षमता. तिची गरज आहे, मात्र तेथील आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. कॅनडात मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. वैद्यकीय आणि परिचर्या अभ्यासक्रमांत मूलनिवासींच्या आरोग्याचा विषय अनिवार्य करावा, अशी त्यांतील एक आहे. त्यामागे एका अन्यायाची कबुली आहे. आपल्याकडे आदिवासींच्या प्रश्नासोबत जातीचाही प्रश्न येतो, आणि शिकवणारा बहुधा त्याच समाजव्यवस्थेत वाढलेला असतो. शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या धनगरवाड्यावर जाणारा कृषी पदवीधर ‘यांना काही कळत नाही’ असे गृहीत धरून बोलू लागला, तर कुरणांविषयी आणि जनावरांच्या आजारांविषयी त्याला तेथे कोण काही सांगेल? ही सक्षमता आधी अध्यापकांच्या प्रशिक्षणात यावी, विद्यार्थ्यांच्या प्रश्नपत्रिकेत नंतर.

प्रश्न : आमच्या गावातील एक वृद्ध बाई झाडपाल्याची औषधे देतात. त्यांची माहिती मी पदवीच्या प्रकल्पात छापू का?
— एक विद्यार्थी, राधानगरी तालुका

उत्तर : त्यांना विचारल्याखेरीज नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे पुढे ठेवल्यामुळे. लिहून ठेवल्याने संरक्षण मिळते, ते असे. पण छापलेली माहिती कोणालाही उचलता येते, ही दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाचे नाव जपणारी कायदेशीर नोंद) मिळालेले असतानाही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव निघाले ते आरडाओरड झाल्यावर.

म्हणून प्रथम त्यांना प्रकल्प कोण वाचणार आहे ते समजावून सांगा, मगच संमती घ्या. नाव द्यायचे की झाकायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. वनस्पती सापडण्याची नेमकी जागा मात्र लिहू नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि स्थानिक वनस्पती-प्राणी आणि त्यांविषयीचे लोकज्ञान नोंदवणारी लोकजैवविविधता नोंदवही ठेवली जाते. समितीशीही बोलून घ्या. बाई नको म्हणाल्या, तर विषय बदला. अशा बदलासाठी विद्यार्थ्याचे गुण कापले जाणार नाहीत, ही तरतूद मात्र अभ्यास मंडळाने आधीच लेखी करून ठेवायला हवी.