ख्रिस्ती महाविद्यालयात प्राध्यापकी: अर्जाआधी काय पाहावं?

प्रश्न: मी इतिहासात एम.ए., सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. नागपुरातल्या एका छोट्या ख्रिस्ती महाविद्यालयाने सहायक प्राध्यापकाची जाहिरात दिली आहे. मी ख्रिस्ती नाही. अर्ज करावा का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर: अवश्य करा. राज्यघटनेच्या कलम 30(1) मुळे अल्पसंख्याक संस्थेला आपला प्राध्यापक निवडायची बरीच मोकळीक असते. पात्रतेतून मात्र सूट नाही. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट, ही अट तिथेही लागू आहे. (आरक्षित प्रवर्गांना गुणांत 5 टक्के सवलत.)

धर्मापेक्षा कागदपत्रांची काळजी करा. पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन), हे जाहिरातीतच पाहा. मुलाखतीला विद्यापीठाने दिलेले विषयतज्ज्ञ हवेत. अल्पसंख्याक महाविद्यालयात कुलगुरूंनी सुचवलेल्या पाच नावांतून संस्थेचे अध्यक्ष दोघांना बोलावतात. प्राचार्य आणि संस्थाचालकांनीच मुलाखत उरकली, तर नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता अडते आणि पुढे पदोन्नतीच्या वेळी ती वर्षं मोजली जात नाहीत. तासिका तत्त्वावरची सेवाही बहुधा अशीच वाया जाते, कारण पूर्वसेवा धरायला नियमित प्राध्यापकाइतका पगार मिळालेला असावा लागतो. म्हणून नेमणूकपत्र, रुजू अहवाल, मान्यतेचं पत्र यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवा.

प्रश्न: कामाचा भार किती असतो?

उत्तर: नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवणं. छोट्या महाविद्यालयात विभागात एकटेच असलात, तर हे चार पेपर होतात, आणि पहिल्या वर्षी चारही नवे. चार तासांचा पेपर 15 आठवड्यांत 60 तास होतो. सुट्ट्या, चाचण्या, स्नेहसंमेलन यांत दहाएक सहज जातात. त्यामुळे नियोजन 50 तासांचंच करा, नाहीतर शेवटचं युनिट हिवाळी परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्स नोट्सवर भागवावं लागतं आणि नुकसान मुलांचं होतं.

नागपुरात एकाच वर्गात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पेपर लिहिणारी मुलं बसतात. संज्ञा फळ्यावर तिन्ही भाषांत लिहा. वेळ जातो, पण उत्तरपत्रिकेत फरक दिसतो. सकाळच्या प्रार्थनेला शिक्षकांनी हजर राहायचं असतं का, हे मुलाखतीतच मोकळेपणी विचारा. त्यात कुणी वावगं मानत नाही.