गिटारचा फ्रेटबोर्ड समजायला आधी कॉर्डचे आकार पाठ करायचे की स्केल?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने यूट्यूबवर बघून ओपन कॉर्ड बसवलेत, दहाबारा गाणी वाजतात, पण तिसऱ्या फ्रेटच्या (दांडीवरच्या पडद्याच्या) पुढे सगळा अंधार आहे. मग आता केज्डचे पाच आकार (सी, ए, जी, ई, डी या कॉर्डचे) घोकू की स्केल?

माझं दोन्ही घोकून झालंय. आधी आकार, मग स्केल, मध्ये दोनेक वर्षं. अंधार दोन्ही वेळा होता तिथेच होता. त्यामुळे मला हे थोडक्यात सांगता येणार नाही. घाई असेल तर खाली 'आठ तीन दहा' शोधा, तेवढं वाचा आणि निघा.

मी मिरजेची. २००७चा गणपती, आमच्या गल्लीच्या मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम. पेटीवर शेजारचे काका, तबल्याला त्यांचा पुतण्या आणि गिटारला मी, वय एकोणीस, ड्रेस आठवडाभर आधी ठरलेला. गाणारा मुलगा पांढरी एकमध्ये गायचा, म्हणजे सी. माझी सगळी तयारी सी, एफ, जी आणि ए मायनरमध्ये. त्यातही एफ म्हणजे चार तारांचा छोटा एफ. पूर्ण एफ मला यायचा नाही, त्याची वेगळी कथा आहे, ती पुढे. ऐन दिवशी पोराचा घसा बसला. चार दिवस आरतीला बेंबीच्या देठापासून ओरडल्यावर दुसरं काय होणार! त्याच्या जागी त्याची बहीण उभी राहिली. काकांनी विचारलं, "पट्टी?" ती म्हणाली, "काळी चार." काकांनी मान हलवली, हात जरा उजवीकडे सरकवला, झाली त्यांची तयारी.

माझ्याकडे कॅपो होता, सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. काळी चार म्हणाली म्हणून मी तो चौथ्या फ्रेटवर लावला. दुसरं काही कारण नव्हतं. आणि माझे तेच सी, एफ, जी सुरू केले.

पहिल्या ओळीला गाणारीने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला तबल्यावरच्याने. काकांनी मात्र पाहिलं नाही, त्यांनी भाता जोरात मारायला सुरुवात केली, माझं ऐकू जाऊ नये म्हणून. मग मी गिटार हळूच माइकपासून वळवली आणि उरलेलं अख्खं गाणं तारांना न शिवता नुसता हात हलवत काढलं. मंडळाच्या हँडीकॅममध्ये ते सगळं आहे. दर वर्षी कोणीतरी काढतंच.

कार्यक्रमानंतर मंडपात खुर्च्या गोळा करणं चाललं होतं. काका पेटीची पट्ट्यापट्ट्यांची खोळ चढवता चढवता म्हणाले, "अगं, तुझा सा कुठाय?"

मी म्हटलं, "काका, सी कॉर्ड असा..."

"कॉर्ड राहू दे. सा दाखव. बोट ठेव त्यावर."

मला ठेवता आलं नाही. दोन वर्षं क्लासला जात होते. सीच्या आकारात तीन बोटं कुठे जातात ते झोपेतून उठवलं असतं तरी दाखवलं असतं, पण त्यातलं नेमकं कुठलं बोट सीवर आहे हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. (अनामिका. पाचवी तार, तिसरा फ्रेट. आणि वरच्या सीवर तर्जनी, दुसरी तार, पहिला फ्रेट.)

आता गंमत बघा. कॅपो मी चौथ्यावर लावला तो चुकून बरोबरच लागला होता. सहाव्या, सगळ्यात जाड तारेचा चौथा फ्रेट म्हणजे जी शार्प, म्हणजेच काळी चार. त्या कॅपोपुढे मी ई, ए आणि बी सेव्हनचे आकार धरले असते तर गाणं पट्टीत वाजलं असतं, कारण ईच्या आकाराचा सा सहाव्या तारेवर असतो. मी धरला सीचा आकार. त्याचा सा पाचव्या तारेवर, कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे एकूण सातव्यावर. तिथे ई आहे. पोरगी काळी चारमध्ये गात होती आणि मी पांढरी तीनमध्ये. तिचा गंधार आणि माझा पंचम शेजारशेजारच्या सुरांवर, एकमेकांना चिकटून भांडणारे. कार्यक्रमाचा विचका व्हायला तेवढं पुरतं.

म्हणून तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर असं की आधी सा शोधा. आकार आणि स्केल यांतलं आधी काय, हे त्यानंतर आपोआप मिटतं.

बारा फ्रेटच्या आत प्रत्येक तारेवर प्रत्येक सूर एकदाच येतो. (मोकळी तार आणि बारावा फ्रेट एकच धरा.) सीचे सा सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत असे: आठ, तीन, दहा, पाच, एक, आठ. फोन नंबरासारखं पाठ करा. पूर्वी शेजाऱ्यांचेसुद्धा नंबर पाठ असायचेच की. मग पट्टी बदलली की सगळे आकडे तितकेच सरकवायचे. काळी चारसाठी प्रत्येकातून चार वजा करा, शून्याच्या खाली गेलं की बारा मिळवा: चार, अकरा, सहा, एक, नऊ, चार. मला हे त्या मंडपात माहीत असतं तर!

या आकड्यांत एक पायरी तिरकी आहे. सहावीवरून चौथीवर किंवा पाचवीवरून तिसरीवर वरचा सा दोन फ्रेट पुढे मिळतो, पण चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर तीन फ्रेट पुढे. कारण गिटारच्या सगळ्या तारा एकमेकींपासून मध्यमावर लावलेल्या असतात, फक्त जी आणि बी (तिसरी आणि दुसरी) या दोघींत शुद्ध गंधाराचं अंतर आहे. ट्यूनर नसताना आपण पाचव्या फ्रेटवर दाबून पुढची तार लावतो आणि बीच्या वेळी चौथ्यावर येतो, ते याचमुळे. फ्रेटबोर्डवर जे जे काही विचित्र वाटतं त्यातलं निम्मं त्या एका जागेमुळे.

आता आकार. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. त्यात दुसरं काही नसतं. ईचा आकार धरा आणि जाड तारेपासून एकेक तार छेडत मोठ्याने म्हणा: सा प सा ग प सा. एचा, पाचवीपासून: सा प सा ग प. सीचा: सा ग प सा ग. जीचा: सा ग प सा ग सा. डीचा, चौथीपासून: सा प सा ग. केज्ड म्हणून जे विकतात ते एवढंच आहे. ईच्या आकारात तिसऱ्या तारेवरचं एक बोट उचललं की ई मायनर होतो, कारण उचललेलं बोट शुद्ध गंधाराचं होतं आणि आता तिथे कोमल गंधार वाजतोय. हे मला क्लासमध्ये 'ई मायनर सोपा असतो, दोनच बोटं' असं शिकवलं होतं.

सी मेजरच वर वर चढवत न्या. तिसऱ्या फ्रेटवरच्या साच्या मागे सीचा आकार आहे, त्याच साच्या पुढे एचा. सहावीवरच्या आठव्या फ्रेटच्या मागे जीचा, पुढे ईचा. दहाव्यावर चौथ्या तारेचा सा, तिथून डीचा, आणि बाराव्याच्या पुढे परत सीचा. म्हणजे एका साच्या मागेपुढे दोन घरं, आणि शेजारच्या दोन घरांत सामाईक भिंत. हे एकदा बोटांत बसलं की पाच आकार वेगवेगळे राहतच नाहीत. (पूर्ण जीचा आकार वर धरताना बोटं रडतात. तो वाजवू नका, नुसता ओळखा.)

आता स्केलकडे, आणि इथे मला क्लासच्या सरांशी जुना हिशोब आहे. सरांकडे झेरॉक्सचा गठ्ठा होता, बारा स्केल गुणिले पाच पोझिशन, साठ कागद. काळे ठिपके, खाली नाव. तो गठ्ठा 'सिरियसली शिकणाऱ्यांना' मिळायचा आणि सिरियस सगळी मुलंच निघाली. मला सांगितलं, "मुलींचे हात लहान असतात, तुला बारे कॉर्ड जमायचा नाही. कॅपो लाव, ओपनमध्ये वाजव, छान दिसतं." (बारे म्हणजे एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबणं.) मी एकदा म्हटलं की पेटीवर सा बदलतात तसं इथे नाही का करता येणार? तर म्हणाले, "पेटीवाल्यांचं डोकं गिटारला चालत नाही."

मंडपातल्या फजितीनंतर मी एका मुलाकडून ते साठ कागद मिळवले आणि अकरा महिने घोकले. ठिपके पाठ झाले. कार्यक्रमात परत कोणी पट्टी विचारली असती तर मी परत तशीच उभी राहिले असते, फक्त आता जास्त वेगाने चुकीचं वाजवलं असतं. साठ कागद मुळात नव्हतेच. पाच होते, बारा वेळा सरकवलेले. हे सरांना कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. साठ कागदांची फी पाचांपेक्षा जास्त दिवस घेता येते, एवढंच म्हणेन.

एक दिवस व्हरांड्यात बसून ए मायनर पेंटॅटॉनिकचा तो पाचव्या फ्रेटवरचा डबा वाजवत होते, जो जगातला प्रत्येक गिटारवाला पहिल्यांदा शिकतो. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "भूप इतका रागाने का वाजवतेस?" मी म्हटलं हा ब्लूजचा स्केल आहे. ते म्हणाले, असेल, पण आठव्या पडद्यावर थांब आणि तिथून सुरू कर. थांबले. सा रे ग प ध. तोच डबा, तीच बोटं, फक्त मुक्काम एऐवजी सीवर. मग त्यांनी गाऊन दाखवलं की भूपाच्या धैवताला सा मानलं की धानी, गंधाराला मानलं की मालकंस, पंचमाला मानलं की दुर्गा. मूर्च्छना म्हणतात, आपल्याकडे ही फार जुनी चीज आहे. इंग्रजी व्हिडिओवाले मोड म्हणून शिकवतात ते हेच. बिलावलचे सूर (सगळे शुद्ध) रेपासून धरले की काफी थाट, गपासून भैरवी, मपासून कल्याण. पेटीवाल्यांचं डोकं गिटारला चालतं, सर.

बारेचं राहिलं. माझी गिटार स्वस्तातली. पहिल्या फ्रेटवर एफ धरला की बोटाला वळ उठायचे आणि आवाज फटफट. दोन वर्षं मी हाताला दोष देत होते. शेवटी काका मला सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. तिथले म्हातारे कारागीर सतारी आणि तंबोरे करणारे, गिटारला फारसा हात लावत नसत. त्यांनी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली, मान तिरकी करून पहिल्या फ्रेटवर राहिलेली फट बघितली आणि म्हणाले, "डोक्याकडची पट्टी उंच आहे हिची." म्हणजे तुमचा नट, ती पांढरी पट्टी. बारीक कानस घेतली, एकेका खाचेत चारपाच हात मारले, तार बसवून बघायचे, परत कानस. अर्धा तास. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून घेतला. त्याच संध्याकाळी एफ वाजला. सगळ्या सहा तारा. हात तेवढाच होता.

आता थोडं सांभाळून घ्या. भूप म्हणजे पाच सूर, एवढ्यावर थांबू नका. देसकारलाही तेच सूर आहेत आणि दोन्ही राग वेगळे आहेत, त्यामुळे डबा वाजवून राग येतो असं मी म्हणतेय असं कोणी समजू नये. गिटारचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, पेटीचाही तसाच. ज्यांचे कान तयार आहेत त्यांना ते खुपतं आणि त्यांचं बरोबर आहे. नोटेशन वाचून क्लासिकल गिटारच्या परीक्षा द्यायच्या असतील तर सुरांची इंग्रजी नावं शिकावीच लागतील, सारेगमवर भागणार नाही. आणि खरं सांगायचं तर माझा उजवा हात सरांनीच घडवला. मेट्रोनोम लावून तासन् तास डाउन-अप करून घेतलं त्यांनी. ऱ्हिदम माझा आजही कधी हलत नाही. तो हिशोब वेगळा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर रोज दहा मिनिटं. एक पट्टी ठरवा, तिचे सहा सा शोधा, प्रत्येक साच्या भोवती जो आकार बसतो तो धरून सा ग प मोठ्याने म्हणा, मग त्याच जागेत रे, म, ध, नी भरा. भरून झालं की तुमचं स्केल तयार, वेगळा कागद लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी. घरच्यांना थोडं वेड्यासारखं वाटेल.

आणि खाली कमेंटमध्ये एवढं लिहा: सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबलीत की पहिल्या फ्रेटवर फट किती दिसते? कागद जेमतेम जाईल इतकी असेल तर ठीक. पोस्टकार्ड सहज सरकत असेल तर बोटांचं नंतर बघू.