कॉस्टकोच्या काउंटरवर कोणतं कार्ड चालतं?

या अंकातले प्रश्न कॉस्टको या सदस्यत्व घेऊन खरेदी करायच्या घाऊक दुकानांच्या अमेरिकेतल्या बिलाबद्दल आहेत, आणि एक कॅनडातला.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): कॉस्टकोचं सदस्यत्व आत्ताच घेतलं. माझी दोन्ही क्रेडिट कार्डं मास्टरकार्डची आहेत, डेबिट कार्डावरही मास्टरकार्डचंच चिन्ह आहे. नवं कार्ड काढावंच लागेल का?

उत्तर: नाही. अमेरिकेतल्या कॉस्टकोच्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं. मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस, डिस्कव्हर यांपैकी एकही नाही. कार्ड कुठल्या बँकेचं आहे याला महत्त्व नाही, कोपऱ्यातलं चिन्ह तेवढं बघायचं.

डेबिटचा हिशोब मात्र वेगळा. अमेरिकेत प्रत्येक डेबिट कार्डाला एकमेकांशी संबंध नसलेली निदान दोन नेटवर्क जोडलेली असावी लागतात. कार्ड उलटं करून पाहा. स्टार, पल्स, एनवायसीई असं एखादं नाव बारीक अक्षरात सापडेल. पिन टाकला की पैसे त्या वाटेने जातात, त्यामुळे समोर मास्टरकार्ड छापलेलं असलं तरी बहुतेक डेबिट कार्डं चालतात. टॅप करून जमलं नाही तर कार्ड आत घालून पिन टाका. पिन आठवत नसेल तर रांगेत उभं राहण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून बदलून घ्या. रोख आणि सदस्याचा स्वतःचा चेकही चालतो, पण गॅसच्या (म्हणजे पेट्रोलच्या) पंपावर या दोन्हींचा उपयोग नाही.

आता तुमच्या मास्टरकार्डचं. कॉस्टकोच्या वेबसाइटवर व्हिसाबरोबर मास्टरकार्ड आणि डिस्कव्हरही घेतात (अमेरिकन एक्स्प्रेस तिथेही नाही). त्याच वेबसाइटवर कॉस्टको शॉप कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं, गिफ्ट कार्डासारखं) मिळतं. ते मास्टरकार्डने विकत घ्या आणि दुकानात बिलाला वापरा. डिजिटल शॉप कार्ड ईमेलने येतं आणि कधी कधी वेळ लावतं, म्हणून दुकानात ट्रॉली भरून झाल्यावर नव्हे, आदल्या दिवशी मागवा. गॅससाठी प्लास्टिकचं कार्ड लागतं; डिजिटल असेल तर आत सदस्यत्वाच्या काउंटरवर बदलून घ्या. एक तोटाही लक्षात ठेवा: शॉप कार्डाने घेतलेला माल परत केला की पैसे शॉप कार्डावरच येतात, मास्टरकार्डवर नाही. महागडा टीव्ही घ्यायचा असेल तर ही वाट टाळा, कारण पुढे तक्रार झाली तर क्रेडिट कार्ड कंपनीकडे ती वस्तू थेट वादात टाकता येत नाही.

एकच कंपनी का, असंही अनेकजण विचारतात. कॉस्टको ब्रँडेड मालावर साधारण १४ टक्क्यांच्या आणि स्वतःच्या कर्कलंड मालावर १५ टक्क्यांच्या वर नफा चढवत नाही. त्यातले दोन टक्के कार्ड कंपनीला गेले तर झोंबतात. म्हणून ‘दार फक्त तुमच्यासाठी उघडतो, शुल्क कमी करा’ असा सौदा. हा सौदा १९९९ पासून अमेरिकन एक्स्प्रेसशी होता, २० जून २०१६ पासून व्हिसाशी आहे.

प्रश्न (सनीव्हेल, कॅलिफोर्निया): दुकानात अ‍ॅपल पे घेतात. मग माझं अ‍ॅपल कार्ड का नाही?

उत्तर: कारण अ‍ॅपल पे हे फक्त पाकीट आहे. मशीन पाकिटातलं कार्ड बघतं, आणि अ‍ॅपल कार्ड मास्टरकार्डचं आहे. गूगल पे, सॅमसंग पे यांचंही तसंच. गंमत म्हणजे अ‍ॅपल कार्डावरचा कॅशबॅक ज्या अ‍ॅपल कॅशमध्ये जमा होतो ते व्हिसा डेबिट आहे, त्यामुळे ते दुकानात चालतं. फोन पुढे करण्याआधी स्क्रीनवर कोणतं कार्ड वर आलंय ते बघून घ्या.

प्रश्न (नेपरव्हिल, इलिनॉय): सिटी बँकेचं कॉस्टको व्हिसा काढावं का? आम्ही महिन्याला साधारण ४०० डॉलरचं सामान आणि १५० डॉलरचा गॅस कॉस्टकोमधूनच घेतो. सध्या सगळीकडे दोन टक्के देणारं एक व्हिसा आहे.

उत्तर: सामानाने काहीच फरक पडणार नाही. सिटीचं कार्डही कॉस्टकोत दोनच टक्के देतं. फरक आहे तो गॅसचा: कॉस्टकोच्या पंपावर पाच टक्के, इतर बहुतेक पंपांवर चार, दोन्ही मिळून वर्षाला ७,००० डॉलरपर्यंत, नंतर एक टक्का. तुमचा वर्षाचा गॅस १,८०० डॉलर. पाच टक्क्यांनी ९० डॉलर, सध्याच्या दोन टक्क्यांनी ३६. म्हणजे जास्तीचे ५४ डॉलर. हॉटेलात जेवणं आणि प्रवास जास्त असेल तर तिथे तीन टक्के आहेत.

त्यासाठी काय सोसायचं तेही मोजा. या कार्डाचा कॅशबॅक दर महिन्याला मिळत नाही. वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या स्टेटमेंटसोबत सर्टिफिकेट येतं आणि ते ३१ डिसेंबरच्या आत कॉस्टकोत वापरावं लागतं. जानेवारीत कार्ड बंद केलंत तर साठलेली रक्कमही गेली. ५४ डॉलरसाठी एवढं लक्षात राहील असं वाटत असेल तर काढा. आमच्या मते, दोन टक्क्यांचं व्हिसा हाताशी असताना घाई नाही. एक्झिक्युटिव्ह (कॉस्टकोच्या जास्त फीच्या) सदस्यत्वाचे दोन टक्के वेगळे असतात, ते कोणत्याही कार्डाने पैसे दिले तरी मिळतात.

दुसरीच एक चूक जास्त महाग पडते. ‘किराण्यावर जास्त कॅशबॅक’ देणारं कार्ड व्हिसाचं असलं तरी कॉस्टकोत साधा एक टक्का देऊ शकतं, कारण बँकेच्या नोंदीत कॉस्टको किराणा दुकान नसून ‘होलसेल क्लब’ आहे. कार्डाच्या नियमात हे शब्द शोधा. उलट, एखाद्या तिमाहीत डिस्कव्हर होलसेल क्लबवर पाच टक्के देत असेल (मर्यादा १,५०० डॉलरची, म्हणजे जास्तीत जास्त ७५ डॉलर) तर ते दुकानात नाही, पण वेबसाइटवर वापरता येतं.

प्रश्न (टोरांटो): कॅनडातही व्हिसाच लागतं का?

उत्तर: नेमकं उलटं. कॅनडातल्या कॉस्टकोच्या दुकानात क्रेडिट कार्ड मास्टरकार्डचं लागतं, व्हिसाचं नाही. इंटरॅक (कॅनडातलं डेबिट नेटवर्क) डेबिट आणि रोख चालते. सीमेपलीकडे अमेरिकेत खरेदीला जात असाल तर पाकिटात दोन्ही ठेवा.

प्रश्न (पुणे): सहा महिन्यांसाठी मुलाकडे टेक्सासला जातोय. आमच्याकडे रुपे आणि व्हिसा, दोन्ही कार्डं आहेत. कॉस्टकोत कोणतं वापरावं?

उत्तर: व्हिसा. साधं रुपे अमेरिकेत चालत नाही, आणि रुपे ग्लोबल अमेरिकेत डिस्कव्हरच्या नेटवर्कवरून चालतं. डिस्कव्हर दुकानात नाही, म्हणजे रुपेही नाही.

निघण्याआधी, भारतातला सिम फोनमध्ये असतानाच, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतात. दुकानातली मशीन, टॅप आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. एक विसरलं की काउंटरवर नकार, आणि तिथून बदलायला गेलं की ओटीपी पुण्याच्या नंबरवर.

खर्चही बघा. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप (बँकेचा वरचा आकार) साधारण २ ते ३.५ टक्के असतो आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. २०० डॉलरच्या बिलावर ३.५ टक्क्यांनी ७ डॉलर, जीएसटी १.२६, म्हणजे ८.२६ डॉलर जास्तीचे. डॉलर भरलेलं व्हिसा फॉरेक्स कार्ड असेल तर ही झळ लागत नाही.

सर्वांत सोपं म्हणजे मुलाने शॉप कार्ड भरून द्यावं. ते फक्त सदस्यालाच विकत घेता येतं, पण वापरायला सदस्यत्व लागत नाही, त्यामुळे मुलगा ऑफिसात असला तरी तुम्ही दोघं जाऊन भाजी-दूध आणू शकता. गाडी चालवणार असाल तर गॅसलाही प्लास्टिकचं शॉप कार्डच बरं. अमेरिकेतले बरेच पंप कार्ड घातल्यावर पाच आकडी झिप (तिथला पिनकोड) विचारतात, आणि पुण्याचा ४११०३८ सहा आकडी.