छोट्या हौशी वाद्यवृंदासोबत सादर करण्यासाठी कोणता पियानो कॉन्चेर्टो निवडावा?

आपल्या वाद्यवृंदात १८ तंतुवादक, २ ओबो आणि १ हॉर्न आहेत, पियानोवादक उत्तम आहे, हातात ८ तालमी आहेत, आणि कोणीतरी संगीतकार शोपँचा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) सुचवला आहे, ‘कारण त्यात वाद्यवृंदाला फारसे काम नसते’, असे आपण लिहिले आहे. हे शेवटचे कारण वाचले नसते, तर मी बहुधा उत्तर लिहायला बसलो नसतो.

इंग्लंडमधील एका लहान गावाच्या हौशी वाद्यवृंदात मी अनेक वर्षे व्हायोला वाजवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पियानोवादकाने, जो माझा मित्र आहे आणि निवृत्त डॉक्टरही, नेमके हेच कारण देऊन शोपँच्या एफ मायनर कॉन्चेर्टोचा आग्रह धरला. मी मोझार्टचा ए मेजरमधील के. ४१४ (‘के.’ म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक) सुचवला होता, त्यावर तो म्हणाला की ते मुलांनी परीक्षेला वाजवायचे संगीत आहे. पाच जणांच्या समितीत चार मते शोपँला पडली. पाचवे माझे होते.

शोपँमध्ये व्हायोलाची पाने खरोखरच बरीचशी पांढरी दिसतात, लांबलांब स्वर धरून ठेवायचे असतात, आणि त्यामुळे समितीतील मंडळी फसतात. ख्यालाला पेटीची साथ केलेल्या कोणालाही विचारा: गायक आलापात शिरला की साथीदाराला एकच स्वर धरायचा असला, तरी तो केव्हा सोडायचा हे कळण्यासाठी गायकाचा श्वास ओळखीचा असावा लागतो. आमच्याकडे साथीदार २३ होते, आणि ते व गायक यांच्यामध्ये हातात बॅटन (संचालकाची छडी) घेतलेला आणखी एक माणूस उभा होता.

दुसऱ्या भागाच्या मध्यावर पियानो दोन्ही हातांनी, सप्तकाच्या अंतराने, नाटकातल्या स्वगतासारखा मुक्तपणे बोलू लागतो. त्याखाली तंतुवाद्ये ट्रेमोलो (थरथरता स्वर) धरतात आणि डबल बास पिझिकाटोचे (बोटाने तार छेडून) ठोके देतो. कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी तिथला एक वाक्यांश असा ताणला, जसा त्यांनी एकाही तालमीत ताणला नव्हता. बॅटन मात्र तालमीत ठरले होते त्याच वेळी खाली आले, त्यामुळे आम्ही व्हायोला आणि चेलो पुढच्या कॉर्डवर (स्वरसमूहावर) गेलो, पियानोकडे कान लावून बसलेली व्हायोलिन मागच्याच कॉर्डवर राहिली, आणि सुमारे दोन बार (मात्रांचे गट) सभागृहात दोन्ही कॉर्ड एकाच वेळी नांदत होते. शेवटच्या भागात धनुकलीच्या लाकडाने तारांवर आघात करायचे असतात; त्यासाठी आमच्या पहिल्या व्हायोलिनवादिकेने महागडी धनुकली खाली ठेवून दुसरी, जुनी उचलली, आणि त्या गडबडीत तिची पुढची ओळ गेली. हॉर्नची एकट्याची ललकारी तेवढी निर्दोष झाली.

आता के. ४१४ विषयी. १७८२ साली व्हिएन्नात मोझार्टने जे तीन कॉन्चेर्टो लिहिले, त्यांपैकी हा एक असून ओबो आणि हॉर्न वगळून केवळ चार तंतुवाद्यांच्या साथीनेही ते वाजवता यावेत, अशी सोय त्याने स्वतःच केली होती. म्हणजे आपल्यासारख्या वाद्यवृंदासाठी काहीही छाटावे लागत नाही. दोन हॉर्न लागतात, तेव्हा दुसरा कुठून तरी मिळवावा. तो मिळाला नाही म्हणून ओबोवाल्यांना घरी बसवू नये. लय बहुतांशी स्थिर राहते, वाद्यवृंदाला स्वतःचे बोलणे असते, आणि मोझार्टने लिहिलेले कॅडेन्झाही (पियानोचे एकट्याचे भाग) उपलब्ध आहेत. संथ भागाची सुरुवात योहान क्रिस्टियान बाखच्या एका चालीवर बेतलेली आहे. हा बाख त्याच वर्षी १ जानेवारीला वारला होता. ज्याला हे संगीत मुलांचे वाटते, त्याने तो भाग एकदा लोकांसमोर वाजवून दाखवावा.

अर्थात पियानोवादकासाठी हा कॉन्चेर्टो सोपा नाही, हे मला आधीच सांगायला हवे होते. प्रत्येक डळमळीत स्वर त्यात उघडा पडतो. श्रोत्यांना अधिक झणझणीत काही हवे असेल, तर हायडनचा डी मेजर कॉन्चेर्टो पाहावा. त्यालाही तंतुवाद्ये, दोन ओबो आणि दोन हॉर्न एवढेच लागतात. मोझार्टच्याच के. ४६६ चा मोह मात्र टाळावा, कारण ट्रम्पेट आणि टिंपनीशिवाय तो पोकळ वाटतो. शोपँ वाजवायचाच असेल, तर बॅटन बाजूला ठेवून पाच तंतुवादकांसह वाजवावा, म्हणजे सगळे एकमेकांचा श्वास ऐकू शकतात. तसा तो उत्तम होतो, हे मी नाकारत नाही.

डॉक्टर अजूनही म्हणतात की त्या दोन बारांत व्हायोला घाईने पुढे गेले. ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. त्यात डबल बासचा पिझिकाटो आमच्याबरोबरच पडलेला स्पष्ट ऐकू येतो.