वाचकांचे प्रश्न : दोन प्रोसेसमधला संदेश अर्धवट का पोहोचतो?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकाच लिनक्स संगणकावरील प्रोसेसना (चालू असलेल्या प्रोग्रामना) आपसांत संदेश पाठवता यावेत म्हणून सी भाषेत एक छोटी लायब्ररी लिहीत आहे. त्यासाठी युनिक्स डोमेन सॉकेटचा, म्हणजे एकाच संगणकावरील प्रोसेसना जोडणाऱ्या वाहिनीचा, स्ट्रीम (सलग बाइटप्रवाह) प्रकार वापरला आहे. एकेक संदेश पाठवून पाहिला तर सारे सुरळीत चालते. मात्र ओळीने हजारभर संदेश सोडले की काही एकमेकांना चिकटून येतात, काही अर्धेच येतात आणि कधी कधी दोन्ही प्रोसेस गोठून बसतात. सॉकेट सोडून शेअर्ड मेमरीकडे (दोन्ही प्रोसेसना थेट वापरता येणाऱ्या सामायिक मेमरीकडे) वळावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात वळू नये. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ सॉकेटमध्ये नाही, आणि शेअर्ड मेमरी घेतली तरी त्या वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतील.

स्ट्रीम सॉकेट बाइटचा क्रम चोख राखतो, पण एक संदेश कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला याची नोंद तो ठेवत नाही. ती लायब्ररीने ठेवायची असते. रूढ उपाय म्हणजे प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी चार बाइटमध्ये लिहिणे. समजा, 12 आणि 20 बाइटचे दोन संदेश पाठोपाठ गेले. वाचणाऱ्याला एका ‘रीड’मध्ये सगळे 40 बाइट मिळू शकतात, तसेच फक्त 18, म्हणजे पहिला संदेश पूर्ण आणि दुसऱ्याच्या लांबीचे दोनच बाइट, एवढेही मिळू शकतात. म्हणून आलेले बाइट आधी स्वतःच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवावेत आणि तेथून पूर्ण झालेले संदेश तेवढे उचलावेत. वाचलेली लांबी कमाल मर्यादेशी ताडून पाहणेही आवश्यक आहे, कारण चार बाइटमध्ये सुमारे 4 अब्जांपर्यंतचा आकडा मावतो आणि त्यावर विसंबून मेमरी मागणारी लायब्ररी एका बिघडलेल्या संदेशाने कोसळते. केवळ लिनक्सपुरते काम असेल तर संदेशांच्या सीमा कर्नलनेच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानेच) राखणारा ‘सीक्वपॅकेट’ प्रकार सोयीचा पडतो. त्यात वाचणाऱ्याचा बफर संदेशापेक्षा लहान असल्यास उरलेला भाग टाकून दिला जातो, एवढे ध्यानात ठेवावे.

गोठण्याचे कारण अधिक खोल आहे. कर्नलमधील सॉकेटचा बफर मर्यादित असतो. दोन्ही प्रोसेस आधी आपले सगळे पाठवून मग वाचायचे अशा बेताने लिहिलेल्या असतील, तर दोन्ही बाजूंचे बफर भरतात, दोघीही ‘सेंड’मध्ये अडकतात आणि वाचायला कोणीच मोकळी राहत नाही. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (काम लगेच होत नसेल तर प्रोसेसला अडवून न ठेवणारा) करून, तो वाचण्या-लिहिण्यास कधी तयार आहे हे सांगणाऱ्या ‘पोल’ किंवा ‘ईपोल’च्या आधारे वाचणे व लिहिणे आळीपाळीने करावे. न गेलेले संदेश लायब्ररीच्या रांगेत ठेवता येतील, परंतु त्या रांगेलाही मर्यादा हवी आणि ती भरली की ‘आत्ता जागा नाही’ असे वापरणाऱ्याला स्पष्ट कळवायला हवे. अमर्याद रांग प्रोग्रामरला सुखाची वाटते. प्रत्यक्षात ती अडचण मेमरी संपेपर्यंत लांबणीवर टाकते, इतकेच.

समोरची प्रोसेस मेली तर काय, हे लायब्ररीच्या माहितीपत्रात निःसंदिग्धपणे लिहावे. बंद झालेल्या सॉकेटवर लिहिल्यास ‘सिगपाइप’ हा सिग्नल (कर्नलकडून प्रोसेसला मिळणारी सूचना) येतो आणि त्याची दखल घेतली नसेल तर लिहिणारी प्रोसेसही निमूट संपते. एक प्रोग्राम कोणताही संदेश न देता नाहीसा का होतो, हे शोधण्यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. ‘सेंड’ला देऊन हा सिग्नल टाळणारा ‘एमएसजी_नोसिग्नल’ हा एक फ्लॅग तेवढा राहून गेला होता. याखेरीज ‘सेंड’ यशस्वी झाले याचा अर्थ संदेश कर्नलच्या हवाली झाला, एवढाच. समोरच्या प्रोसेसने तो वाचला, याची खात्री हवी असेल तर तिच्याकडून पोच मागवावी लागते.

शेअर्ड मेमरीचा फायदा कित्येक मेगाबाइटची चित्रे किंवा नोंदी फिरवताना खरोखर दिसतो. पण तेथे कुलूप (एका वेळी एकाच प्रोसेसला मेमरी हाताळू देणारी सोय) लागते, आणि कुलूप हातात असतानाच एखादी प्रोसेस मेली तर इतरांनी काय करायचे, हेही आपल्यालाच ठरवावे लागते. पुढे तशी गरज पडल्यास ‘मेमएफडी’ (मेमरीतच राहणारी फाइल) तयार करून त्याचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा क्रमांक, याच सॉकेटवरून पाठवता येईल, म्हणजे आताचे काम वाया जाणार नाही.

तूर्त चाचणीसाठी वाचण्याचे फंक्शन एका वेळी एकच बाइट देईल असे करून पाहावे. सीमांच्या चुका बहुधा पहिल्या काही संदेशांतच उघड्या पडतील. त्यानंतर वाचणारी प्रोसेस ‘सिगस्टॉप’ या सिग्नलने थांबवून पाठवणारीचे काय होते ते पाहावे.