फीड रीडर लावताना: वर्तमानपत्रं बाहेर ठेवा, क्वचित लिहिणारे आत घ्या

साठेक मराठी ब्लॉग, काही यूट्यूब चॅनल आणि दोन वर्तमानपत्रं नजरेखाली ठेवायची आहेत, बुकमार्क एकेक उघडणं होत नाही आणि फेसबुकवर निम्म्या पोस्ट दिसतच नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे. फीड म्हणजे साइटने आपल्या ताज्या लेखांची ठेवलेली यादी, आणि फीड रीडर म्हणजे अशा सगळ्या याद्या तपासून नवे लेख एका जागी दाखवणारं ॲप. त्याने हे काम नक्की होतं. फक्त वर्तमानपत्रं आधी यादीतून काढा. रोज ढीगभर बातम्या ओतणारं एक फीड आत आलं की वर्षातून चारदा लिहिणाऱ्याचा लेख त्याखाली गाडला जातो, न वाचलेल्यांचा आकडा फुगतो आणि माणूस रीडर उघडायचंच सोडतो. सहा महिने गप्प असलेल्या ब्लॉगवर रात्री लेख पडला आणि सकाळी तो तुमच्यापुढे हजर झाला, हा रीडरचा खरा उपयोग.

याला तांत्रिक कारणही आहे. फीडमध्ये फक्त ताजे लेख असतात. वर्डप्रेसवर मूळ सेटिंग 10 लेखांचं आहे. रीडर ठरावीक वेळाने फीड तपासतो. अशा दोन फेऱ्यांमध्ये 30 बातम्या आल्या तर 20 कायमच्या हुकतात. क्वचित लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे घडतच नाही.

फोन आणि संगणक दोन्हीवर वाचायचं असेल तर फीडली किंवा इनोरीडर घ्या, साठ फीडना फुकट खातं पुरतं. फक्त अँड्रॉइडवर फीडर आणि ॲपलवर नेटन्यूजवायर ही फुकट ॲप्स उत्तम. फीडर घेतलंत तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला सूट द्या, नाहीतर मागे चालणारं काम फोन बंद पाडतो आणि नवे लेख ॲप उघडल्यावरच येतात.

बहुतेक वेळा साइटचा साधा पत्ता रीडरमध्ये टाकला की फीड आपोआप सापडतं. नाही सापडलं, तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोमनमध्ये फीड लिहा. ब्लॉगस्पॉटला फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट हे तीन शब्द याच क्रमाने तिरक्या रेघांनी जोडा. पहिल्या दोन्हींच्या शेवटी एस हवाच. यूट्यूबला चॅनलच्या मुख्य पानाचा पत्ता द्या, एखाद्या व्हिडिओचा नको. तरीही जमलं नाही तर संगणकावर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघडा आणि त्यात आरएसएस किंवा ॲटम (फीडचे दोन प्रकार) हे शब्द रोमनमध्ये शोधा. दोन्ही नसेल तर त्या साइटने बहुधा फीड ठेवलेलंच नाही.

एखाद्या ब्लॉगवरचं फक्त पुस्तकांविषयीचं लेखन हवं असेल, तर वर्डप्रेसच्या त्या वर्गवारीच्या पानापुढेही फीड जोडता येतं. अशा पत्त्यात देवनागरी असते. ॲड्रेस बारमधून कॉपी केल्यावर तिथे टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसेल, कारण एकेका देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. ती माळ जशीच्या तशी चिकटवा. हाताने देवनागरीत लिहिलेला पत्ता काही रीडर नाकारतात.

जुनी यादी आणणार असाल तर ब्लॉगस्पॉट डॉट इन असलेले सगळे पत्ते डॉट कॉम करा. ते डॉट इन डोमेन 2020 मध्ये गूगलच्या हातून गेलं. ब्लॉग बंद पडला असं समजून लोक तो यादीतून काढून टाकतात, आणि लेखक तिकडे लिहीतच असतो!

लेखाच्या चारच ओळी दिसल्या तर रीडरला दोष देऊ नका, ब्लॉगरने फीडला सारांशच द्यायचा असं ठरवलेलं असतं. फीड चुकीचं असल्याचा संदेश आला तर बहुधा फाइलच्या सुरुवातीला रिकामी ओळ घुसलेली असते. फीड एक्सएमएल या भाषेत लिहिलेलं असतं, आणि तिला पहिल्या घोषणेच्या ओळीआधी काहीही चालत नाही. वर्डप्रेसमध्ये थीमच्या फाइलीत शेवटी राहिलेली रिकामी जागा हे त्याचं नेहमीचं कारण, तेव्हा ब्लॉगरला नेमकं एवढंच कळवा. जुने लेख अचानक पुन्हा नवे म्हणून आले तर बहुधा साइटने पत्ता बदलला आहे, सगळे वाचलेले म्हणून खूण करा आणि पुढे चला.

सगळं बसलं की सेटिंगमधून ओपीएमएल फाइल, म्हणजे तुमच्या फीडची यादी, उतरवून ठेवा. 1 जुलै 2013 ला गूगल रीडर बंद झाला तेव्हा ज्यांच्याकडे यादी होती, त्यांना ती दुसऱ्या रीडरमध्ये चढवता आली. ओपीएमएलमध्ये फीडचे पत्ते आणि फोल्डर एवढंच जातं. तारांकित करून ठेवलेले लेख वेगळे जतन करा.