शोकेसला जाण्यापूर्वी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आफ्रिकेतील संगीतव्यवसायाच्या ‘ॲक्सेस’ परिषदेत वादनासाठी, झांझिबारच्या लग्नांत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या तुमच्या किडुंबाक संचाची निवड झाल्याचे वाचले आणि मनापासून आनंद झाला. दार-एस-सलामच्या मराठी घरात वाढलेली मुलगी झांझिबारच्या धाऊ कंट्रीज म्युझिक अकादमीत व्हायोलिन शिकते, आणि पुढे तिथल्याच ज्येष्ठ वादकांच्या संचात वाजवून त्याचा कारभारही पाहते, याचे मला फार अप्रूप आहे. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: मिळालेल्या थोड्या मिनिटांत काय वाजवावे, आणि संचात कीबोर्ड व ड्रमसेट घ्यावा का. या दोन्हींचे उत्तर देण्याआधी समोर कोण बसणार आहे, हे नीट समजून घ्यावे लागेल.

जोहान्सबर्गच्या म्युझिक इन आफ्रिका फाउंडेशनने भरवलेली ही परिषद एका गावाला बांधलेली नाही. २०१७ मध्ये ती डाकारला झाली, मग नैरोबी, आक्रा, जोहान्सबर्ग असे मुक्काम झाले, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे ती तुमच्याच दार-एस-सलामला होती आणि २०२४ मध्ये किगालीला. तीन दिवस दिवसभर चर्चा आणि गाठीभेटी, संध्याकाळी शोकेस, म्हणजे निवडलेल्या संचांचे थोड्या थोड्या मिनिटांचे वादन, असा तिचा साधारण क्रम असतो. संध्याकाळी समोर जे उभे असतात त्यांत महोत्सवांचे संचालक, कलाकारांचे कार्यक्रम ठरवणारे एजंट, रेकॉर्ड कंपन्यांची माणसे, पत्रकार आणि तुमच्यासारखेच इतर कलाकार असतात. झांझिबारच्या लग्नात श्रोते नाचत पुढे येतात आणि गायिकेच्या हातात नोटा ठेवतात. इथे तसे कोणी येणार नाही. काही जण मागे उभे राहून बोलत राहतील आणि काही जण दहा मिनिटे ऐकून दुसऱ्या मंचाकडे जातील. तुमच्या गायिकेला हे आधीच सांगून ठेव. आयुष्यभर दाद घेत गाणाऱ्या बाईला ती शांतता अपमानासारखी लागू शकते आणि त्याचा परिणाम आवाजावर होतो. दहा मिनिटांत उठून जाणाऱ्या संचालकाने तेवढ्या वेळात कधीकधी तुम्हाला बोलावण्याचा निर्णयही घेतलेला असतो.

आता काय वाजवावे याविषयी. किडुंबाकची रीत अशी की गायिका एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे गाणे काढत तासभरही न थांबता गाते आणि लय हळूहळू चढत जाते. शोकेसमध्ये ही चढण पुरी होणार नाही. म्हणून अनेक संच पाच-सहा गाण्यांचे तुकडे जोडून सगळे काही दाखवण्याचा प्रयत्न करतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्यातले एकही गाणे राहत नाही. तू तसे करू नकोस. तीन गाणी निवड आणि ती सलग, एका लयीतून दुसरीत जात, अशी बांध की तासाभराच्या चढणीचा आकार त्यात ओळखू येईल. सुरुवात तुमच्या सर्वांत भक्कम आवाजाने कर. भाषण, परिचय, आभार यांवर पहिली पाच मिनिटे घालवू नकोस. परंपरेविषयी जे सांगायचे ते पहिल्या गाण्यानंतर दोन वाक्यांत सांग.

लांब गाण्याला आखूड वेळेत बसवण्याचा हा प्रश्न तुमच्या बेटावर नवा नाही. १९२८ मध्ये झांझिबारची गायिका सिती बिंती साद हिला आणि तिच्या साथीदारांना ध्वनिमुद्रणासाठी मुंबईला आणले गेले होते. स्वाहिलीतले तआरब, म्हणजे तुमच्या किनाऱ्यावरचे बैठकीचे गाणे, तबकडीवर उतरण्याची ती सुरुवात होती, आणि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या बैठकीतले गाणे तिला तेवढ्यात मांडावे लागले, आणि ते संपूर्ण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचले. झांझिबार आणि मुंबई यांच्यामधल्या समुद्राने व्यापाराबरोबर गाणेही वाहून नेले आहे, हे तुला मी सांगायला नकोच. पण त्या मुद्रणांतली निवड कशी केली आहे, काय ठेवले आणि काय सोडले, हे कान देऊन ऐक. तुझ्या कामाचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

कीबोर्ड आणि ड्रमसेटला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो परंपरेच्या सोवळ्यापोटी नाही. व्हायोलिन, चहाच्या पेटीवर एकच तार ताणलेला सांदुकू, मातीची दोन लहान ढोलकी, हातातली लाकडी व नारळाची तालवाद्ये आणि गायिका, एवढ्यात तुमचे संगीत पूर्ण उभे राहते. मोठ्या तआरब वाद्यवृंदाला महोत्सवात बोलवायचे तर पंधरा-वीस तिकिटे काढावी लागतात. तुम्हाला सहा पुरतात. ज्याच्या हातात मर्यादित पैसा आहे त्या संचालकाला ही फार मोठी गोष्ट वाटते, आणि तू आणखी दोन वादक जोडून हा आपला मोठा फायदा स्वतःच घालवायला निघाली आहेस. शिवाय कीबोर्ड घेतलेले शंभर संच त्या लोकांनी ऐकलेले असतात. सांदुकूच्या एकाच तारेचा तो खर्ज त्यांपैकी बहुतेकांनी ऐकलेला नसतो. झांझिबारच्या गायिका बी किडुडे यांना २००५ मध्ये वोमेक्स या जागतिक संगीतमेळ्याचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या आवाजाला कोणी नवा मुलामा दिलेला नव्हता.

मात्र हाच सांदुकू तुम्हाला मंचावर अडचणीत आणेल. तिथल्या ध्वनितंत्रज्ञाने हे वाद्य कदाचित पाहिलेले नसेल, आणि पोकळ पेटी जवळच्या मोठ्या स्पीकरांच्या खर्जाने स्वतःच घुमू लागली की मायक्रोफोन शिट्टी मारतो. म्हणून वाद्याचे छायाचित्र, वादनाची छोटी चित्रफीत, मंचावर कोण कुठे बसणार याचा आराखडा आणि कोणत्या वाद्याला कोणता मायक्रोफोन लागेल याची यादी किमान महिनाभर आधी आयोजकांना पाठव, आणि छापील प्रत सोबतही ठेव. शोकेसमध्ये दोन संचांच्या मध्ये थोडाच वेळ असतो. त्यात पूर्ण साउंड चेक होत नाही, फक्त प्रत्येक मायक्रोफोन चालतो की नाही एवढे पाहता येते. तुमच्या वादकांना मॉनिटरमध्ये, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, काय ऐकू यायला हवे, तेही आधी ठरलेले असू दे. ढोलक्यांचे चामडे किनाऱ्यावरच्या दमट हवेत उतरते म्हणून तुम्ही ते निखाऱ्यावर शेकता. सभागृहात निखारे कोणी पेटवू देणार नाही. विजेची छोटी शेगडी चालेल का, हे आधी विचारून घे, आणि उंचावरच्या कोरड्या शहरात जात असाल तर चामडे उलट जास्त चढेल, हेही लक्षात ठेव.

दिवसा होणाऱ्या गाठीभेटींत बहुतेक तरुण कलाकार युरोपातून आलेल्या एजंटांच्या मागे धावतात. त्यांना जरूर भेट, पण माझे मत असे की तुमच्या संचाचे भवितव्य आधी या खंडातच आहे. आफ्रिकेत एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याचे विमानभाडे इतके असते की एका कार्यक्रमासाठी प्रवास परवडत नाही. म्हणूनच दक्षिणेकडच्या काही महोत्सवांनी ‘इगोडा’ नावाची साखळी बांधली. एस्वातिनीचा बुशफायर, मापुतोचा अझगो, रेयुनियनचा साकिफो हे महोत्सव मे-जूनच्या सुमारास जवळजवळ येतात आणि एकच संच एकापाठोपाठ एक अनेक ठिकाणी जाऊ शकतो, त्यामुळे प्रवासाचा खर्च वाटला जातो. अशा संचालकांपैकी दोघांशी तुझे नीट बोलणे झाले तरी परिषद सार्थकी लागली असे मी समजेन. रबातचे व्हिसा फॉर म्युझिक, आबिजानचा मासा बाजार आणि प्राइयाचा अटलांटिक म्युझिक एक्स्पो अशा इतर कलामेळ्यांतून आलेले लोकही तिथे भेटू शकतात. त्यांचे काम आधी वाचून जा. तुमच्या घरचा सौती झा बुसारा महोत्सव स्टोन टाउनच्या जुन्या किल्ल्यात दर फेब्रुवारीत होतो आणि तिथे सर्व संगीत प्रत्यक्ष वाजवलेलेच लागते. तिथे वाजवले असेल तर तेवढेच सांग. जाणकाराला त्यातून बरेच कळते. भेटीत आधी समोरच्याला बोलू दे. त्याचा महोत्सव कधी असतो, किती माणसांना तो नेऊ शकतो, व्हिसा आणि राहण्याचा खर्च कोण करतो, हे विचार आणि भेट संपताच वहीत लिही. बिदागीचा आकडा मात्र तिथल्या तिथे सांगू नकोस. आठवड्याच्या आत पत्र लिहीन म्हण, आणि खरोखर लिही.

एक विषय तू पत्रात काढलेला नाही, म्हणून मीच काढतो. किडुंबाकमधली पुष्कळ गाणी तआरबच्या प्रसिद्ध गाण्यांतून आलेली असतात, आणि त्यांचे शब्द एका कवीचे, चाल दुसऱ्याची, प्रसिद्धी एखाद्या जुन्या क्लबमुळे, असे असते. लग्नात याची चौकशी कोणी करत नाही. परिषदेत रेकॉर्ड कंपनीचा माणूस पहिल्याच भेटीत करेल. तुमच्या तिन्ही गाण्यांचे कवी आणि चालकार कोण, ते हयात नसतील तर हक्क कोणाकडे आहेत, हे झांझिबारच्या ज्येष्ठांना विचारून लिहून काढ. जे तुम्ही स्वतः रचले आहे त्याची नोंद करून घे. टांझानियाच्या मुख्य भूमीवर ते काम कोसोटा हे कॉपीराइट कार्यालय करते. संचात कोणाचा किती वाटा, हे टक्क्यांत लिहून सगळ्यांच्या सह्या घे. ज्येष्ठ वादकांना सही मागताना तुला संकोच वाटेल. पण पैसा आल्यावर हीच गोष्ट बोलणे शतपट अवघड जाते, आणि वय झालेल्या कलाकारांचा वाटा त्या गोंधळात सर्वांत आधी बुडतो.

प्रवासाविषयी थोडेच. निवडीच्या पत्रात प्रवासखर्च कोणाचा लिहिला आहे ते पुन्हा वाच. पूर्व आफ्रिकी समुदायातल्या देशात परिषद असेल तर तुझ्या साथीदारांना सोपे जाईल; तुझे पारपत्र भारतीय आहे, तुझा व्हिसा वेगळा पाहावा लागेल. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र सहाही जणांकडे आहे का ते तपास. ज्याने लस घेतली नसेल त्याने ती निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असली पाहिजे. वाद्यांची यादी करून निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्याचा शिक्का घे, म्हणजे परतताना तुमचीच वाद्ये आयात म्हणून अडवली जाणार नाहीत. सांदुकूची पेटी सामानात फुटू शकते. तार, दांडी सोबत ठेवून तिथे दुसरी पेटी मिळेल का, याची चौकशी आत्ताच सुरू कर.

मंचाचा आराखडा तयार झाला की आयोजकांना पाठवण्याआधी मला पाठव, आणि तिन्ही गाण्यांचे सलग ध्वनिमुद्रण, घड्याळ लावून केलेले, सोबत जोड. सर्व वडीलधाऱ्या वादकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका